मंदीत प्रशिक्षणाला कात्री नको

विक्री मंदावली की कारखान्यात पहिली कात्री प्रशिक्षणाच्या खर्चाला लागते. पुरवठा साखळी सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत हा निर्णय घातक आहे, कारण अडचणीच्या काळात त्यांचे कामच बदलते. एप्रिल २०२५मध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध आणले आणि आपल्या वाहन उद्योगाची झोप उडाली. माल कुठे वापरणार याचे हमीपत्र, त्यावर सरकारी शिक्के, मग चिनी वाणिज्य खात्याचा परवाना. तळहातावर मावणाऱ्या चुंबकासाठी एवढे सोपस्कार! दरात घासाघीस करण्यात मुरलेल्या खरेदी अधिकाऱ्याला हे कोणी शिकवलेले नसते. मोटर देणारा पुरवठादार त्याला ठाऊक असतो, त्यातले चुंबक कुठून येते हे बहुधा नसते. टोयोटाने जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर नेमके हेच खणून काढले. पुरवठादारांचेही पुरवठादार नोंदवले, चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१च्या चिपटंचाईत सुरुवातीला ही कंपनी इतरांपेक्षा अधिक काळ तग धरून राहिली.

शिकवलेला माणूस दुसरीकडे जातो, हा मालकांचा आक्षेप खोटा नाही. लहान उद्योजकाला तो जास्तच झोंबतो. पण न शिकलेला माणूस टिकून राहिला, म्हणून सुट्या भागाअभावी थांबलेली लाइन चालू होत नाही. शिवाय प्रशिक्षणासाठी महागडे अभ्यासक्रमच हवेत असे कुठे आहे? चाकण-भोसरीतल्या चार-पाच लघुउद्योगांनी मिळून सीमाशुल्काचा जाणकार बोलवावा, आपल्या माणसांना न्हावा-शेवा बंदरातली कामाची पद्धत दाखवावी. काम कमी असलेले महिने त्यासाठी सोयीचेच आहेत.