सासूबाईंची नाणी आणि प्लास्टिकचा अल्बम



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरोघरी माळ्यावरून नाहीतर कपाटातून एक डबा खाली येतो. कुणाचा पितळी, कुणाचा बिस्किटांचा. त्यात जुनी नाणी असतात. सकाळी मंदिरात निर्वाण लाडू झाला आणि घरी संध्याकाळच्या पूजेची तयारी लागली की घरातली सून चिंच नाहीतर पितांबरी घेऊन बसते आणि नाणी चकचकीत करते. मीही तीस वर्षं हेच केलं. आज लिहायचं आहे ते या नाण्यांबद्दल, आणि मुख्य म्हणजे ती ठेवायला आपण हौसेने जो अल्बम आणतो त्याबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकते. चुकीच्या अल्बमपेक्षा सासूबाईंची सुती पुरचुंडी शंभर पटीने बरी.

हे मी नुकसान करून शिकले आहे.

आमच्या सासूबाईंचं माहेर जालन्याकडचं, सासर देऊळगाव राजाचं. आज तासाभराचाही रस्ता नाही, पण त्यांच्या लहानपणी मध्ये राज्याची हद्द होती. आपला बुलढाणा वऱ्हाडात, इंग्रजी अमलाखाली. जालना निजामाच्या राज्यात, तिथे हाली सिक्का चाले. त्यामुळे त्यांच्या पुरचुंडीत दोन्हीकडची नाणी होती. राणीछाप रुपये, पंचम जॉर्जचे रुपये, चारमिनारचं चित्र असलेला निजामाचा रुपया, काही चवल्या-पावल्या, आणि एक भोकाचा पैसा. हा भोकाचा पैसा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, १९४३ ते १९४७ या वर्षांतला. धातूची टंचाई होती म्हणून मधोमध भोक ठेवून पाडलेला. सासूबाईंच्या आईने तो त्यांना काळ्या दोऱ्यात ओवून दिला होता, एवढं मला माहीत होतं.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. त्या वेळी घरातली सगळी चिल्लर मी वेचून काढली. चौकोनी पाच पैसे, षट्कोनी तीन पैसे, नागमोडी कडेचे दोन आणि दहा पैसे. कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणंही सापडलं. त्यात सोनं आहे म्हणून पुष्कळ बायका ते पूजेत ठेवतात. सोनं नाही हो त्यात, पितळी जातीचा मिश्रधातू आहे. तर ही सगळी नाणी आणि सासूबाईंची नाणी एकत्र नीट राहावीत म्हणून शहरातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून मी झकास अल्बम आणला. जाड कव्हर, मऊ पारदर्शक कप्पे, नव्या रेनकोटसारखा वास. नाणी घासून, पुसून, कप्प्यांत सरकवली आणि अल्बम गोदरेजच्या कपाटात ठेवून दिला.

आठ वर्षांनी नणंदबाई आल्या. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त म्हणाल्या, "वहिनी, आईचा भोकाचा पैसा असेल तर बघायचा होता." मी अभिमानाने अल्बम उघडला. कप्पे पिवळट आणि चिकट झालेले. तांब्याच्या प्रत्येक नाण्यावर हिरवा, ओशट थर. भोकाचा पैसा कप्प्याला चिकटून बसला होता. ओढून काढला तर त्याच्यावरचा राजमुकुट ओळखू येईना. ताई काही बोलल्या नाहीत. पैसा हातात धरून बसल्या आणि मग परत माझ्या हातात दिला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हा हिरवा चिकटा कुठून आला, ते मला पुढे पुण्यात लेकीकडे गेले असताना एका नाण्यांच्या प्रदर्शनात कळलं. हे मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात. काही वर्षांत ते द्रव्य बाहेर झिरपतं, आणि प्लास्टिक स्वतः विघटित होताना त्यातून आम्ल सुटतं. ते तांबं खातं, चांदीही सोडत नाही. उष्णता असली की हे सगळं लवकर होतं. आता आपल्याकडचा उन्हाळा आठवा. बुलढाण्याला घाटावर जरा तरी बरं, पण खाली मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात लोखंडी कपाटाला हात लावता येत नाही. त्यात आपण कूलर लावतो. म्हणजे पावसाळ्यात दमट आणि उन्हाळ्यातही दमट. अल्बम कूलरच्या खोलीत असेल तर नाण्याला वर्षभर सर्दीच.

मग अल्बम घ्यायचा कसा? कव्हर बघू नका, कप्प्याचं पान बघा. दुकानदाराला सरळ विचारा, पान पीव्हीसीचं आहे की पॉलिप्रॉपिलीनचं? त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका. नाकाजवळ धरा. रेनकोटचा, नव्या पाणीपाइपचा वास आला तर परत द्या. पीव्हीसीचं पान मऊ आणि लिबलिबीत असतं. चांगलं पान जरा ताठ, हलवलं की कुरकुर वाजणारं. दिसायला ते कमी देखणं असतं, आणि महागही. पण एका भिशीच्या नाश्त्याला आपण किती घालवतो ते आठवा आणि घ्या.

त्याहून मला आवडलेली रीत म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर. दोन इंचांचा पांढरा पुठ्ठा, मध्ये मायलरची पारदर्शक खिडकी. नाणं ठेवायचं, पुठ्ठा दुमडायचा, तीन बाजूंनी स्टेपल मारायचं आणि मग तो होल्डर अल्बमच्या पानात सरकवायचा. खिडकी नाण्याच्या मापाची घ्यावी, नाहीतर नाणं आत हलत राहतं. स्टेपलची टोकं पक्कडीने चपटी करा, शेजारच्या नाण्याला ओरखडा जाणार नाही. होल्डर चिकटपट्टीचेही मिळतात, पण डिंकावर माझा विश्वास नाही. लग्नाच्या फोटोंचे चिकट पानांचे अल्बम आठवतात ना? फोटो काढायला गेलं की फाटतो. नाण्यांसाठी तसला अल्बम तर मुळीच नको.

चामड्याचे अल्बम आपल्या घरात येतच नाहीत, पण सांगून ठेवते, चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश धातूला वाईटच. अहिंसेचा आणि नाण्याचा फायदा इथे एकाच बाजूला आहे. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. अंड्यानेही पडते, आपल्याकडे तो प्रश्न नाही. डांबरगोळ्या तर नकोतच. कीटक मारायचे नाहीत, आणि गोळीची वाफ प्लास्टिकलाही धार्जिणी नाही. त्याऐवजी औषधाच्या बाटलीतून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवा आणि पावसाळ्यात बदला.

आता घासण्याबद्दल. इथे काही मैत्रिणी माझ्याशी भांडणार. "काळं नाणं पूजेत कसं ठेवायचं?" चांदीवर हळूहळू चढणारी काळसर झाक ही घाण नव्हे. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांनी ती जाते, पण तिच्याबरोबर वरचा धातूही जातो. राणीच्या केसांच्या बटा दरवर्षी थोड्या थोड्या सपाट होतात. घासलेलं नाणं जाणकार लगेच ओळखतो आणि त्याची किंमत पाडतो. पूजेला हवं तर चालू दहा-वीस रुपयांची नाणी घ्या. त्यांना खुशाल दूध-कुंकू लावा. जुन्या नाण्याच्या अक्षरांत शिरलेलं कुंकू निघत नाही हो, मी सुईने काढायचा प्रयत्न करून ओरखडे पाडले आहेत. नाणं धरायचं ते कडेने, दोन बोटांत. घाम तोंडावर लागला की बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

कुणाच्या नाण्यावर हिरवा चिकटा आलाच असेल तर तो शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून सुटतो. नेलपॉलिश काढायचं पाणी नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत, खिडकी उघडून, आणि गॅसपासून लांब करा. ते फार पटकन पेटतं. चोळू नका, नुसतं भिजू द्या. चिकटा जाईल. पण आम्लाने खाल्लेलं भरून येत नाही.

गजपंथाच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला थांबलो होतो. तिथे जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत, आणि नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालयही आहे. नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली होती. नहपान राजाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकल्यावर आपला शिक्का मारून घेतला होता. जवळजवळ अठराशे वर्षं ती मातीत होती आणि तरी दोन्ही राजांच्या खुणा वाचता येतात. मी आठ वर्षांत मुकुट घालवला.

आमच्या स्वाध्याय मंडळात एकीने विचारलं, "हा संग्रह म्हणजे परिग्रहच नाही का?" दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशीच विचारलं, त्यामुळे चांगलंच लागलं. मी घरी येऊन विचार केला. मी आता नवीन नाणं विकत आणत नाही. एकच अल्बम, त्याची पानं ठरलेली, ती भरली की संपलं. हे माझं परिमाण. अपवाद दोन, तेही आधीपासूनचे. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचं २००१ चं पाच रुपयांचं नाणं मला किराणा दुकानात सुट्ट्या पैशांत मिळालं होतं, आणि त्याच निमित्ताचं शंभर रुपयांचं लेकीने भेट दिलं. शंभराचं नाणं ४४ मिलिमीटरचं, ते कुठल्याही साध्या होल्डरमध्ये मावत नाही. त्याला गोल डबी वेगळी घ्यावी लागते. २१ एप्रिल २०२४ ला दिल्लीत २५५० व्या निर्वाणाच्या निमित्तानेही एक नाणं प्रकाशित झालं. ते कुणाकडे टाकसाळीच्या पॅकिंगमध्ये असेल तर तसंच राहू द्या.

आणि वही ठेवा. मी बी.कॉम. झाले, आयुष्यभर दुधाचा आणि किराण्याचा हिशोब लिहिला, पण या नाण्यांची नोंद केली नव्हती. आता प्रत्येक होल्डरवर पेन्सिलीने नंबर, आणि वहीत वर्ष, धातू, टाकसाळ. टाकसाळ ओळखायला सोपी आहे. आपल्या आजच्या नाण्यांवर वर्षाच्या खाली चौकटच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, नाणं कुणाकडून आलं. आपल्या घरांत सोन्याची वाटणी लिहिली जाते, नाण्यांची नाही. म्हणून सुनेला कळत नाही की यातलं आजेसासूचं कुठलं आणि भाजीवाल्याने दिलेलं कुठलं, आणि एक दिवस सगळं मोडीत जातं.

भोकाचा पैसा ॲसिटोनमध्ये भिजवून, नव्या होल्डरमध्ये घालून ठेवला आहे. वहीतला त्याचा शेवटचा रकाना अजून अर्धाच भरला आहे. तो दोऱ्यात का ओवला होता, गळ्यात घालायला की मनगटाला बांधायला, ते सासूबाईंना कधी विचारलं नाही. भाऊबीजेला ताई येणार आहेत. त्यांच्याकडूनच लिहून घेणार आहे, आणि पैसा त्यांच्याच हाती देणार आहे.