स्प्रिंगही नेम धरते

राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले, तेव्हा कौतुक झाले ते तिच्या हाताचे. पिस्तुलातल्या स्प्रिंगची आठवण कोणाला?

या प्रकारातल्या रॅपिड फेरीत दर गोळीसाठी लक्ष्य जेमतेम ३ सेकंद समोर येते. गोळी सुटताच मागे जाणारी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा सरकता भाग, हलकी असेल तर वेगाने आदळते. जड असेल तर सावकाश हलते, पण पिस्तुलाचा तोल ढळवते. स्लाइडला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग फार ताठ झाली की .२२च्या दुबळ्या काडतुसाला ती पुरती दबत नाही आणि पुंगळी अडकते. हे सगळे १४०० ग्रॅमच्या वजनमर्यादेत जमवायचे!

चांदवडसारख्या तालुक्यातल्या मुलामुलींना नेमबाज करायचे, तर हा मेळ बसवणारा परवानाधारक, जाणकार आर्मोरर, म्हणजे शस्त्र-कारागीर, जिल्ह्यातच हवा. क्रीडा खात्याने पदकानंतरच्या बक्षिसांआधी यावर खर्च करावा.