यीस्टच्या पुडीआधी नत्र

जिवंत यीस्टची पुडी खुराकात मिसळा, मग मेंढी नुसत्या कडब्यावर, भुसकटावरही अंग धरील, असे खाद्यविक्रेते सांगतात. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. मेंढीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. चाऱ्यापाण्याबरोबर आत गेलेला थोडाफार प्राणवायू यीस्ट शोषून घेते. इथवर मान्य.

पुढची उडी मात्र मान्य नाही. या जिवाणूंना नत्र लागते, आणि ते चाऱ्यातल्या प्रथिनांतून येते. चाऱ्यात प्रथिने साधारण ७ टक्क्यांखाली गेली की त्यांची वाढ खुंटते, आणि गव्हाच्या भुसकटात ती जेमतेम ३-४ टक्के. ही तूट चार-दोन ग्रॅम यीस्ट कशी भरणार? गडी उपाशी असतील तर नुसत्या मोकळ्या हवेने नांगरट होत नाही. २००९ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांवरील १५७ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात यीस्टने पचनीयता सरासरी एक टक्काही वाढलेली नाही. रुमेनची आम्लता आवरण्याचा त्याचा गुण तर खुराक वाढेल तसा अधिक दिसला. म्हणजे कडब्यावर नव्हे, धान्यावर!

मग भुसकटावरच्या मेंढीला काय द्यायचे? नत्र. १०० किलो भुसकटावर ५० लिटर पाण्यात विरघळवलेला ४ किलो युरिया थराथराने शिंपडावा, मग ते भुसकट दाबून तीन आठवडे हवाबंद ठेवावे. त्यातून सुटणारा अमोनिया तंतूंची वीण सैल करतो, प्रथिने जवळपास दुप्पट होतात. उग्र वास जाईपर्यंत चारा पसरून ठेवावा, कोकरांना घालू नये. युरिया पाण्यातून पाजण्याचा अघोरीपणा तर कोणीच करू नये. मेंढी काही तासांत दगावते.

हे झाले बांधून पोसलेल्या मेंढ्यांचे. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगराने हा खटाटोप कुठे मांडायचा? त्याला बाभळीच्या शेंगा, तुरीचा पाला, जमल्यास मूठभर शेंगदाणा पेंड पुडीपेक्षा जास्त उपयोगी.

यीस्टची खरी जागा मक्याचा भरडा घालून बकरी ईदसाठी पोसलेल्या मेंढ्यांपाशी आहे. धान्याने आम्लता चढते, तेव्हा लॅक्टिक आम्ल वापरणाऱ्या जिवाणूंना यीस्ट हात देते. तिथेही ते रोज द्यावे लागते, कारण रुमेनमध्ये ते ठाण मांडून वाढत नाही. आणि पुडी पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर तापलेली असेल, तर जिवंत यीस्टचे पैसे मोजून घरी मेलेले यीस्ट येते.