बाप्पाला पोचवायला कोण?



गेल्या रविवारी आपल्या मंडळात आमच्या समोरच्या काकांचा सत्कार झाला. चाळीसएक वर्षं इंदूर पोलिसात काढून ते निवृत्त झाले. आरक्षक म्हणून लागले, सहायक उपनिरीक्षक म्हणून वर्दी उतरवली. महाराष्ट्रात पोलीस ५८व्या वर्षी घरी बसतात, आपल्या मध्य प्रदेशात ६२व्या. म्हणजे चार उन्हाळे जास्तीचे.

शेजारी म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं. लिहून नेलेलं भाषण खिशातच राहिलं. मी खरं तेच सांगितलं.

कॉलेजात असताना मला विनाहेल्मेट पकडलं होतं. मी ऐटीत काकांना फोन लावला. ते म्हणाले, "चालान भर आणि संध्याकाळी पावती दाखव." दंड भरला, पण राग गेला नाही. कित्येक महिने त्यांच्याशी धड बोललो नाही.

मग अनंत चतुर्दशी आली. इंदूरच्या झांक्या तुम्हाला ठाऊक आहेतच. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्या मिलांचे भोंगेही थांबले, पण कामगारांनी झांक्या थांबवल्या नाहीत. रात्रभर चालणारी ती मिरवणूक बघायला आम्ही मित्र राजवाड्याकडे गेलो. पहाटे तीनच्या सुमारास गर्दीत दोर धरून उभे असलेले काका दिसले. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "आमच्या बाप्पाला पोचवलं का रे?"

"हो काका, बाबांनी नेलं."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा शिट्टी फुंकली. दरवर्षी त्यांचा गणपती आमचे बाबाच न्यायचे, हे मी लहानपणापासून बघत होतो. का, ते त्या रात्री कळलं. माझा राग तिथेच संपला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची ऑन-कॉल पाळी आठवडाभराची असते, तरी आम्ही घर डोक्यावर घेतो. काकांचा प्रत्येक सण ऑन-कॉल होता. त्याची किंमत काकूंनी आणि मुलांनीही मोजली. म्हणून शाल काकूंनाही द्यायला हवी होती. आपण फक्त ओटी भरली. हे मी माइकवर बोललो, काही ज्येष्ठांना आवडलं नाही. असो.

शेवटी काकूंना बोलायचा आग्रह झाला. त्या एकच वाक्य बोलल्या, "यंदा आमचा गणपती हे स्वतः नेतील."

टाळ्या वाजल्या. काका मात्र खाली बघून शालीची घडी घालत राहिले.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी चालान झालं की ओळखीच्या पोलिसाला फोन करू नका. फोन करायचाच तर सणाच्या दिवशी करा आणि विचारा, "काका, घरचं काही काम आहे का?"

भेटू पुढच्या महिन्यात.