आत्याचा आजारही डॉक्टरांना सांगा

जालन्याच्या माणसाला बियाण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, तेव्हापासून वाण आणि लॉट नंबर बघितल्याशिवाय आपण पिशवी उचलत नाही. पण घरात कॅन्सर निघाला की हीच माणसं कुळाची माहिती दडवतात. का, तर पोरींची लग्नं व्हायची आहेत!

आधी धीर देणारी गोष्ट. स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी पाच-दहाच आनुवंशिक असतात. त्यांत मोठा वाटा बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांच्या दोषाचा. पेशीतल्या डीएनएला पडलेलं भगदाड बुजवणं हे त्यांचं काम. प्रत्येकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक जन्मतःच बिघडलेली असली आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की गाठीला वाट मोकळी. बिघडलेली प्रत वडिलांकडूनही येऊ शकते, म्हणून आई-मावशीइतकीच आत्या महत्त्वाची. दवाखान्यात तिचं नाव मात्र कुणी काढत नाही.

हे आता का सांगायचं? कारण या दोषावरून उपचार बदलतो. ओलॅपॅरिब नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. डीएनए हा बंधारा धरला, तर त्याच्या बारीक गळत्या बुजवणारा गडी ती रोखून धरते. गळतीचं भगदाड होतं. निरोगी पेशीत ते बुजवणारं बीआरसीए असतं, ती तगते. कॅन्सरच्या पेशीत ते उरलेलंच नसतं, ती मरते. बिघडलेलं जनुक यानं दुरुस्त होत नाही, आणि दोष नसलेल्या प्रत्येकाला ही गोळी लागू पडेलच असंही नाही. म्हणून चाचणी.

पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कोणत्याही वयात अंडाशयाचा, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जनुकीय चाचणीबद्दल स्वतःहून विचारा. टाटा मेमोरियलचं खारघरचं केंद्र आनुवंशिक कॅन्सरचंही काम करतं. चाचणी आणि गोळी जनआरोग्य योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

रक्त आधी रुग्णाचं तपासतात. दोष सापडला, तरच भावंडांचं आणि सज्ञान मुलामुलींचं. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बारा वर्षांच्या पोरीला घेऊन धावू नका. मोठ्या मुलीत दोष निघाला म्हणजे तिला कॅन्सर झाला असं नव्हे. पंचविशीनंतर नियमित एमआरआय, आणि मुलंबाळं झाल्यावर अंडाशय काढायचं का, हा विचार. निर्णय तिचा, सासरचा नव्हे, माहेरचाही नव्हे.

आज रात्री म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. कुणाला, कोणत्या वयात, कुठे गाठ झाली ते लिहा. ‘तिच्या पोटात पाणी झालं आन् गेली’ एवढंच कुणी सांगितलं, तर तेही तसंच उतरवा. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी होतं. त्याचा अर्थ डॉक्टर लावतील.