गोळ्यांची मोजदाद

२०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला पेण व रोहा तालुक्यांतील शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी वाटली जाते. उपक्रम स्वागतार्हच आहे. गोळी स्वस्त आणि निर्धोक, प्रत्येक मुलाची मलपरीक्षा करणे मात्र खर्चाचे. म्हणून न तपासताच गोळी द्यावी, हा सरकारी हिशेब खोटा नाही. तो अपुरा आहे.

कारण ही गोळी १ ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. डोंगराच्या पायथ्याच्या कातकरीवाडीतून अनवाणी लाकूडफाटा आणणारी पंचविशीतील आई त्यात बसत नाही. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून तिच्याच तळपायाच्या कातडीत शिरते. पुढे आतड्याला चिकटून तो कृमी रक्त शोषत राहतो. दवाखान्यात याला ‘अशक्तपणा’ म्हणतात, आणि ठेकेदार आळस म्हणतो. प्रतोदकृमीवर तर या गोळीची एकच मात्रा फारशी चालत नाही. तेव्हा पोटात जंत कोणता, हे पाहावेच लागते.

पाहण्याचे साधन साधे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमीचे अंडे तपकिरी, खडबडीत कवचाचे दिसते. प्रतोदकृमीचे दोन्ही टोकांना बुचे मारलेल्या पिंपासारखे. अंकुशकृमीचे पातळ कवचाचे, पारदर्शक. काटो-काट्झ पद्धतीत सुमारे ४१.७ मिलिग्रॅम मल काचपट्टीवर ग्लिसरिनात भिजवलेल्या सेलोफेनखाली पसरून अंडी मोजतात. परंतु त्याच ग्लिसरिनमुळे अंकुशकृमीची अंडी अर्ध्या-एक तासात दिसेनाशी होतात. शिवाय नमुना उकाड्यात दिवसभर पडून राहिला तर अंडी फुटून अळ्या निघतात आणि ओळख चुकते. वाडीवरचा नमुना तालुक्याला, तेथून अलिबागला, असा प्रवास करून आलेले ‘जंत नाहीत’ हे उत्तर कोणत्या किमतीचे? प्रयोगशाळा आणि शिकलेला तंत्रज्ञ प्राथमिक आरोग्य केंद्रातच हवा, तोही कायम नेमणुकीचा.

युद्धाने खंगलेल्या जपानला हे परवडले. तेथे १९५८ च्या कायद्याने शाळकरी मुलांची जंतांच्या अंड्यांसाठी तपासणी सक्तीची झाली. ती सक्ती २०१६ मध्ये उठली, कारण शोधायला जंतच फारसे उरले नव्हते.

आपल्याकडे गावोगावच्या अहवालात गोळ्या मोजल्या जातात. पेण व रोह्यातील प्रत्येक आरोग्य केंद्रात गेल्या वर्षी किती मलपरीक्षा झाल्या, त्यांत कोणते कृमी आढळले आणि तंत्रज्ञाचे पद भरलेले आहे काय, हे जिल्हा परिषदेने जाहीर करावे. न केल्यास कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तेवढे तीन प्रश्न केंद्रनिहाय विचारावेत.