शिकविणारा हंगामी, स्रोत कायम

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेविषयीचे ‘शांती’ विधेयक संमत केले, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचे युग संपले, खाजगी भांडवलास अणुविद्युत्केंद्रांची दारे उघडली आणि अणुऊर्जा नियामक मंडळास आजवर नसलेले वैधानिक अधिष्ठान लाभले, याबद्दल हर्ष व्यक्त करणारी पत्रे आमच्या दप्तरी पुष्कळ आली. आज दहा हजार मेगावॅटच्याही आत असलेली अणुविजेची क्षमता २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटवर नेण्याचा सरकारचा संकल्प असल्यामुळे रबाळे-तळोज्याच्या रेडिओग्राफी व्यावसायिकांना कामाचा सुकाळ दिसू लागला असेल, तर त्यात नवल नाही. परंतु त्याच टपालाने अध्यापकांचीही काही थोडी पत्रे आली असून, या सुकाळात राबणारे हात जेथे तयार व्हावयाचे, तेथील वर्गांना कुलपे लागत आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

या पत्रांचा गोषवारा एकच आहे. विभागात वर्षानुवर्षे आण्विक भौतिकी शिकविणारे आणि आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) म्हणून मान्यता मिळविलेले प्राध्यापक निवृत्त झाले; पद रिक्त राहिले; भरतीची नस्ती मंत्रालयात एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहिली, आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण अध्यापक दर उन्हाळ्यात बेकार होऊन दर पावसाळ्यात नव्या अर्जानिशी रुजू होऊ लागला. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार आरएसओ नेमणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे आणि त्या नेमणुकीस सक्षम अधिकाऱ्याची लेखी मान्यता लागते. ही तरतूद सर्वथा रास्त आहे. तीत तसूभरही सैलपणा यावा, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याची नोकरीच शैक्षणिक वर्षाबरोबर संपते, त्याचे नाव नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीवर सुचविण्यास प्रभारी प्राचार्य धजत नाहीत. त्याला प्रशिक्षणास पाठवावे, तर हंगामी सेवकाच्या प्रशिक्षणासाठी तरतूद नसल्याचा शेरा लेखा विभागाकडून येतो. आणि आरएसओ नाही, सबब न्यूट्रॉन स्रोताच्या खोलीस कुलूप पडते. सूटमर्यादेतील चिमुकल्या स्रोतांसमोर जीएम काउंटर मांडून प्लॅटो काढावा, व्यस्त वर्गाचा नियम पडताळावा, इतपतच प्रयोग उरतात. बाकीचे प्रयोग विद्यार्थी गतवर्षीच्या जर्नलांवरून उतरवून घेतात. मग विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येते, कुलूप पाहते, प्रयोगशाळेचा पुरेसा वापर होत नसल्याचे नमूद करते आणि संलग्नतेची मुदतवाढ रोखून धरते. संलग्नतेची शाश्वती नाही म्हणून विद्यार्थी फिरकत नाहीत, विद्यार्थी नाहीत म्हणून कार्यभार भरत नाही, आणि कार्यभार भरत नाही म्हणून पद मंजूर होत नाही. प्रत्येक खाते आपापल्या नियमाप्रमाणे बिनचूक वागते, आणि सर्व मिळून एक चालता अभ्यासक्रम मारतात.

अभ्यासक्रम मेला तरी स्रोत राहतोच, याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, कॅनडाहून आणलेले आणि १९८५ च्या सुमारापासून वापराविना पडलेले गॅमा-सेल हे किरणन-उपकरण २०१० साली भंगार म्हणून लिलावात गेले. दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, एका कामगाराचा प्राण गेला आणि कित्येकांना किरणोत्सर्गाची इजा झाली. पाच वर्षे व सव्वातीन महिन्यांच्या अर्धायुष्याचा पदार्थ पाव शतक कोपऱ्यात पडूनही मारक राहतो, हे ओळखणारा जाणता माणूस लिलावाच्या कागदापाशी नव्हता. तेव्हा ज्या पदाकडे वित्त विभाग केवळ खर्चाची बाब म्हणून पाहतो, ते पद ही सुरक्षिततेची बाब आहे, हे एकदा त्या दप्तरी नोंदले जावे.

या दुरवस्थेस आणखी एक जुने कारण आहे. १९५७ साली ट्रॉम्बे येथे डॉ. भाभांनी प्रशिक्षणशाळा काढली, कारण त्या काळी देशातील विद्यापीठांत हे शिक्षण पुरेसे मिळत नव्हते. आणि त्या शाळेने अणुकार्यक्रमाचा कणा घडविला, याविषयी दुमत नाही. पण तिने वाढविलेल्या पद्धतीत अणुऊर्जा खाते ताजे पदवीधर घेते आणि वर्षभर स्वतः शिकविते; त्यामुळे विद्यापीठात दोन वर्षे अणुअभियांत्रिकी शिकून आलेल्यास साध्या यांत्रिकी पदवीधराहून काही अधिक मोल मिळत नाही. याउलट वैद्यकीय भौतिकी पाहा. किरणोपचार करणाऱ्या रुग्णालयात अर्हताप्राप्त भौतिकीतज्ज्ञ असलाच पाहिजे, आणि त्याने पदव्युत्तर शिक्षणानंतर बारा महिन्यांची अंतर्वासिता केलेली असली पाहिजे, असे नियामक संहितेने ठरविल्यामुळे तेथे पदवीस नोकरीची वाट सापडली आणि ते अभ्यासक्रम तगले. नव्या कायद्याखाली जे नियम आता तयार होतील, त्यांत खाजगी चालकांवर असेच बंधन घालण्याची संधी आहे. ती दवडली, तर पुढे केवळ परिसंवादांतून मनुष्यबळाच्या टंचाईबद्दल हळहळणे उरेल.

मात्र अधिकाऱ्यांस दोष देऊन आमच्या व्यवसायबंधूंना हात झटकता येणार नाहीत. तयार आरटी-२ (रेडिओग्राफी चाचणीची दुसरी पातळी) माणूस थोडे अधिक वेतन देऊन शेजाऱ्याकडून फोडून आणावयाचा, आणि नवशिक्यास साइटवर उभे करण्याची वेळ आली की विमा, डोस आणि ग्राहकाची हरकत पुढे करावयाची, ही आपली रीत किती दिवस चालणार? वाशीस ब्रिट हे किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, खारघरला अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि खाडीपलीकडे ट्रॉम्बे, एवढे सान्निध्य भारतात फार थोड्या गावांच्या वाट्यास आले असेल. पण आपल्या अनुभवी आरएसओला आठवड्यातून दोन तास शेजारच्या महाविद्यालयात शिकविण्यास मोकळे करणारे कारखानदार बोटांवर मोजावे लागतील.

म्हणून मित्रहो, अभिनंदनाचे ठराव आता पुरे झाले. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील, त्यापूर्वी आपल्या पेढीच्या छापील कागदावर कुलगुरूंना लिहून कळवा की येत्या पाच वर्षांत तुम्हांस किती माणसे लागतील, त्यांपैकी कितींना आधी शिकाऊ म्हणून घ्याल, आणि एका कायम अध्यापकाच्या वेतनाचा किती वाटा उचलाल. पत्रात केवळ सदिच्छा असतील तर ते धाडू नका. आकडा लिहा, त्याखाली सही करा, आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. आलेली प्रत्येक प्रत आम्ही जुलैच्या अंकात नावानिशी छापू. ज्यांची प्रत येणार नाही, त्यांनी पुढील वर्षी माणसे मिळत नाहीत अशी तक्रार आमच्याकडे लिहू नये.